भोंगा कोण ऐकणार?

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक 'बिनकुलपाची बँक' म्हणून केलं. गावातल्या घरांना दारं नाहीत. चौकटीला पडदा, फार तर कुत्रं आत शिरू नये म्हणून टेकवलेली फळी. मग बँकेला तरी कुलूप कशाला, असा बातम्यांचा सूर होता. त्या बातम्यांच्या तळाशी मात्र एक बारीक तपशील असायचा. शाखेला काचेचं दार होतं आणि त्या दाराला रिमोटवर चालणारं, चटकन नजरेत न भरणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं. गावाची श्रद्धा राखली गेली आणि ठेवीदारांचे पैसेही.

पुढे या गावालाही पोलीस ठाणं आलंच. २०१० मध्ये एका भाविकाने गाडीतून सुमारे ३५ हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार केली होती, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये शिंगणापूरचं स्वतंत्र ठाणं सुरू झालं. शनीच्या कोपाची भीती चोराला वाटते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण ज्या गावात रात्रंदिवस माणसांचा राबता आहे तिथे चोराला एकांत मिळत नाही, हे तर कुणीही मान्य करील. घरफोडी करणाऱ्याला कोयंडा उचकटायला दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर कपाट फोडायला, डबे उपसायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात, ती त्याला निवांत हवी असतात.

आणि तीच निवांत मिनिटं अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगर जिल्ह्यात, फार सहज मिळतात. मुळा-प्रवरेच्या कालव्यांच्या पट्ट्यात शेतकरी गावठाण सोडून केव्हाच शेतावर राहायला गेला. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, संगमनेर, कुठेही जा. गावात ग्रामपंचायत, सोसायटी, मारुतीचं देऊळ, आणि माणसं मात्र चहूकडे वस्त्यांवर पांगलेली. एका वस्तीपासून दुसरी वस्ती दोन-तीनशे मीटरवर, मधे उभा ऊस. दुपारी घरातली सगळी माणसं कांदे काढायला किंवा लग्नाला गेलेली असतात. एप्रिल-मेत रात्री सगळे गच्चीवर नाहीतर अंगणात झोपलेले आणि खाली घर उघडं. या घरांसाठी अलार्म स्वतः कसा बसवायचा आणि बिघडला तर कसा शोधायचा, हे या प्रकरणात पाहू. काम अवघड नाही. ज्याने विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर जोडला आहे, त्याने यातलं निम्मं शिक्षण आधीच घेतलेलं आहे.

बाजारात गेलं की दुकानदार सेन्सर मोजायला लागतो: दोन डोअर सेन्सर, दोन मोशन सेन्सर, एक हूटर, दोन रिमोट, झाला सेट. मी उलट टोकाकडून सुरुवात करायला सांगेन. अलार्म चोराला अडवत नाही, तो फक्त हाक मारतो. तेव्हा कागदावर आधी हे लिहा की ही हाक ऐकणार कोण आणि ऐकून येणार कोण.

भोंग्याच्या खोक्यावर ११० डेसिबल लिहिलेलं असतं. हा आकडा एक मीटरवरचा आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर तो ९० राहतो, शंभर मीटरवर ७०, आणि तीनशे मीटरवरच्या वस्तीपर्यंत पोचतो तेव्हा ६० च्या आसपास, म्हणजे साध्या बोलण्याइतका. तिथलं दार बंद असेल तर आणखी वीस-पंचवीस वजा करा. वर घरात कूलर चालू. मे महिन्यातल्या रात्री त्या घरातला झोपलेला माणूस जागा होईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. नगर शहरातल्या सावेडीसारख्या वसाहतीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत, हाच भोंगा भरपूर झाला. वस्तीवर त्याचा उपयोग एवढाच की घरात शिरलेल्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहत नाही. म्हणून वस्तीवर एक भोंगा घरात लावावा, कानठळ्या बसतील असा, आणि दुसरा बाहेर उंचावर, शेजारच्या वस्तीकडे तोंड करून. खरी हाक फोनवरूनच जाणार हे धरून चालावं.

फोनचा विचार करताना या भागात एक चांगली सोय आहे. नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांत पोलिसांच्या पुढाकाराने ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक त्यात नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्या माणसाने ठरलेल्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून आपला निरोप सांगितला की तोच निरोप, त्याच्याच आवाजात, परिसरातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या फोनांवर कॉल म्हणून जातो. चोर आले, बिबट्या दिसला, ओढ्याला पूर आला, सगळ्याला हीच वाट. तुमचं गाव त्यात आहे का, तुमचा नंबर नोंदवला आहे का, हे पोलीस पाटलांना किंवा ठाण्यात विचारून घ्या. पण एक गोष्ट करू नका. अलार्मच्या डायलरमध्ये हा क्रमांक भरू नका. पाल सेन्सरवरून गेली म्हणून अख्ख्या गावाचे फोन रात्री दोनला वाजले, तर तिसऱ्या वेळी कुणी उठणार नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे. अमेरिकेतल्या पोलिसांनी ती हिशोबात मांडली. तिथल्या न्याय खात्याच्या पोलीसविषयक मार्गदर्शिकेनुसार पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या हाकांपैकी ९४ ते ९८ टक्के खोट्या निघतात. म्हणून डायलरमध्ये चार-पाच माणसांचे नंबर भरा: घरातले दोन, जवळच्या वस्तीवरचे दोन, आणि एक असा की जो रात्री फोन बंद ठेवत नाही. त्यांच्यापैकी कुणीतरी खात्री करून मग ११२ ला आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेला कळवायचं. कोण कळवणार, हे आधीच ठरवलेलं असावं.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावच्या ऑगस्टस रसेल पोप याने १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की मंडल जोडलं जायचं आणि हातोडा घंटेवर आपटायला लागायचा. दार पुन्हा लोटलं तरी घंटा थांबायची नाही, ही त्यातली खुबी. १८५७ मध्ये एडविन होम्सने ते हक्क विकत घेऊन धंदा उभा केला. पोपच्या रचनेत एक उणीव होती: दार उघडल्यावरच मंडल जोडलं जाणार असेल, तर आधीच तार कापणाऱ्या चोराला घंटा काहीच म्हणणार नाही. आजची रचना नेमकी उलटी आहे. घर शांत असताना मंडल पूर्ण असतं, त्यातून बारीकसा प्रवाह सतत वाहत असतो. दार उघडलं, तार तुटली, उंदराने कुरतडली, काहीही झालं तरी प्रवाह थांबतो आणि पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो डबा, ओरडतं. दुकानात याला 'एनसी' म्हणतात. सेन्सर घेताना एनसी आहे ना, एवढं विचारून घ्या.

डोअर सेन्सर म्हणजे चौकटीवर काचेच्या इवल्याशा नळीतला रीड स्विच आणि दारावर चुंबक. दोघांत साधारण पंधरा-वीस मिलिमीटरपर्यंत अंतर चालतं, पण बसवताना पाच-सातच ठेवा, कारण पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आपल्याकडे आता बहुतेक दारं लोखंडी किंवा बाहेरून लोखंडी जाळीची असतात. लोखंड चुंबकाचं क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे सेन्सर आज चालतो, उद्या नाही. लोखंडी दारासाठी 'हेवी ड्यूटी' सेन्सर मिळतो, तो घ्यावा; नाहीच मिळाला तर साध्या सेन्सरच्या आणि चुंबकाच्या खाली एक सेंटिमीटरची लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घालावी. जुन्या वाड्याच्या दोन फळ्यांच्या दाराला दोन्ही फळ्यांवर सेन्सर हवा. आपण एकच फळी उघडतो म्हणून चोरही तीच उघडेल असं नाही. दुकानाच्या शटरसाठी जमिनीत बसणारा वेगळा सेन्सर असतो.

मोशन सेन्सर, म्हणजे पीआयआर, याच्याबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं, कारण नव्वद टक्के कटकट त्याचीच असते (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणी अभ्यास केलेला नाही). पीआयआर काहीही सोडत नाही, फक्त पाहतो. माणसाच्या अंगातून उष्णतेचे अवरक्त किरण निघतात, त्यांचा भर नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास असतो. सेन्सरवरची दुधी प्लास्टिकची भिंगं खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतल्या दोन स्फटिकांवर कमीजास्त उष्णता पडते, आणि तो फरक म्हणजे 'हालचाल'. यातून तीन गोष्टी निघतात.

एक, तो आडव्या चालीला तिखट असतो आणि समोरून सरळ येणाऱ्याला आंधळा नसला तरी मंद असतो. म्हणून दारासमोरच्या भिंतीवर लावू नका. खोलीच्या कोपऱ्यात, सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीवर, असा लावा की दारातून आत येणारा माणूस त्याच्या नजरेतून आडवा जाईल. दोन, त्याला लागतो तो तापमानातला फरक. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखालची खोली दुपारी चाळीसच्या पुढे जाते, आणि संध्याकाळी उतरताना कधीतरी भिंतीचं आणि माणसाच्या कातडीचं तापमान, साधारण चौतीस-पस्तीस अंश, एकच होतं. त्या वेळात सेन्सर जवळजवळ झोपतो. डिसेंबरात दहा मीटरवरून पकडणारा हाच सेन्सर मेच्या संध्याकाळी चार मीटरवरून चुकू शकतो. म्हणून याची चाचणी हिवाळ्यात करून समाधान मानू नका. पत्र्याच्या घरात भरवसा डोअर सेन्सरवर ठेवा, किंवा अवरक्त आणि मायक्रोवेव्ह अशी दोन्ही नजर असलेला 'ड्युअल' सेन्सर घ्या. तीन, जे काही गरम आणि हलतं असेल ते त्याला माणूसच. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा, हलणारा पडदा, फ्रिजची मागची बाजू, पत्र्याच्या फटीतून येणारी झळ, मांजर, आणि सर्वांत वरचढ म्हणजे भिंगावरून चालत जाणारी पाल. दूरची म्हैस जेवढी दिसणार नाही, तेवढी भिंगावरची पाल दिसते.

पालीचा आणि मुंग्यांचा बंदोबस्त सोपा आहे. वायर जिथून आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवा. सेन्सरच्या आजूबाजूला ट्यूबलाइट नको, कारण ट्यूबभोवती किडे आणि किड्यांमागे पाली. पावसाळ्याआधी भिंगं कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कोळ्याची जाळी आठवड्याभरात तयार होते.

पीआयआर अंगणात बसवायच्या भरीस पडू नका. अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, वस्तीवर कुत्री आहेत, शेळ्या आहेत, ओसरीत झोपणारी म्हातारी माणसं आहेत. अंगणाची राखण कुत्री आपल्यापेक्षा बरी करतात. यंत्राने घराच्या आतलं पाहावं.

पॅनेलमध्ये झोन असतात, म्हणजे सेन्सरांचे वेगवेगळे गट. गच्चीवर झोपण्याच्या दिवसांत खालची दारं आणि माजघर जागं, जिना मोकळा, असं करता यायला हवं. बहुतेक पॅनेलांत त्याला 'स्टे' किंवा 'होम' म्हणतात. बाहेरून येणाऱ्या घरच्या माणसाला अलार्म बंद करायला वीस-तीस सेकंद मिळतात, ती वेळ वाढवता येते. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर ती पंचेचाळीसवर न्या. नाहीतर पहिल्याच आठवड्यात आजीबाई कंटाळतील, रिमोट कपाटात ठेवला जाईल, आणि अलार्म पुढची सगळी वर्षं भिंतीवर शोभेला राहील. असे शोभेचे अलार्म मी पुष्कळ पाहिले आहेत.

वायरचा की वायरलेस, हा प्रश्न पुष्कळजण विचारतात. बिनवायरचे स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. बसवायला अर्धा तास लागतो, हाच त्यांचा गुण. दगडी भिंत, पत्रा आणि लोखंडी दार या तिन्ही गोष्टी त्यांच्या लहरी अडवतात, आणि स्वस्त सेन्सर एकच ठरीव कोड पाठवत राहतात, जो ऐकून दुसऱ्याने पुन्हा पाठवणं शक्य असतं. भाड्याच्या घराला, फ्लॅटला वायरलेस ठीक. स्वतःचं घर बांधत असाल, तर प्लास्टरच्या आधी वायरसाठी पाइप टाकून ठेवा. त्याचा खर्च किरकोळ असतो.

वायर टाकताना एक साधा हिशोब चुकतो. हूटरला अर्धा ॲम्पिअर लागतो असं समजा. अंगणातल्या खांबावर, साठ मीटरवर, अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या टेलिफोनच्या तारेने तो जोडला. जाऊन-येऊन १२० मीटर तार, तिचा विरोध सुमारे साडेदहा ओहम. अर्ध्या ॲम्पिअरला पाच व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात. बारा व्होल्टचा हूटर सात व्होल्टवर घोगरा आवाज काढतो किंवा गप्प राहतो, आणि माणूस हूटर बदलत बसतो. तीच वायर दीड चौरस मिलिमीटरची घेतली की पाऊण व्होल्टही जात नाही. सेन्सरला मिलिअॅम्पिअरमध्येच प्रवाह लागतो, तिथे बारीक तार चालते. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ही वायर घालू नका.

लाइटीचं काय, हे वस्तीवर राहणाऱ्याला सांगायला नको. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री फेज काही तासच, कधी दिवसपाळी कधी रातपाळी. त्याच फीडरवरच्या वस्तीची लाइट कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर आणि थांबल्या की २५० वर. पॅनेलला साध्या ट्रान्सफॉर्मरऐवजी ९० ते २७० व्होल्ट झेलणारा एसएमपीएस असेल तर बरं. आत १२ व्होल्ट ७ एएचची बंद शिशाची बॅटरी बसते. पॅनेल आणि चार सेन्सर मिळून १६० मिलिअॅम्पिअर खात असतील, तर कागदावर ती ४३ तास चालते. प्रत्यक्षात दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीवर एक दिवस धरा. उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. पंचवीस अंशांना चार वर्षं टिकणारी बॅटरी पस्तीस अंशांच्या खोलीत दोनच वर्षं टिकते. म्हणून पॅनेल पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पत्र्याला लागून नको.

सिमचं एक सांगायचं राहिलं. जुन्या पद्धतीचे स्वस्त जीएसएम पॅनेल टूजीवर चालतात. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे त्यांत जिओचं सिम चालत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल लागतं, नाहीतर फोरजी पॅनेल घ्यावं. सिमवरचा पिन काढून टाका. आणि रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवा. वॉरंटीतल्या पॅनेलला नावं ठेवली जातात आणि सिम तीन महिन्यांपूर्वीच मेलेलं असतं.

आता बिघाड. खोटा अलार्म वाजला की पहिला प्रश्न 'का' असा विचारू नका, 'केव्हा' असा विचारा. तारीख आणि वेळ भिंतीवर पेन्सिलीने लिहा. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास वाजत असेल तर ऊन पाहा. लाइट आल्यावर वाजत असेल तर एसएमपीएस, बॅटरी आणि अर्थिंग पाहा. पाऊस पडल्यावर वाजत असेल तर बाहेरचा जोड. वाऱ्याला वाजत असेल तर सैल कडी आणि हलणारं दार. बहुतेक पॅनेल कोणता झोन वाजला ते लक्षात ठेवतात. रीसेट करण्याआधी ते वाचा, नंतर ते पुसलं जातं.

झोन कळला की बिघाड पॅनेलच्या आत आहे की बाहेर, हे दोन मिनिटांत ठरवता येतं. प्रत्येक झोनच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर असतो, पॅनेलप्रमाणे २.२, ४.७ किंवा ५.६ किलोओहमचा. झोनच्या दोन्ही वायरी पॅनेलमधून काढा आणि त्या जागी तेवढाच रेझिस्टर थेट लावा. झोन शांत झाला, तर पॅनेल निर्दोष, दोष वायरीत किंवा सेन्सरात. तरीही ओरडत असेल तर पॅनेल दुकानात न्या. मग काढलेल्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा, तीन-चारशे रुपयांचा पुरे. दार बंद असताना रेझिस्टरइतका आकडा आला पाहिजे. अनंत आला तर तार तुटली आहे. शून्य आला तर दोन तारा चिकटल्या आहेत. आकडा नाचत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजला आहे. मग वाट अर्धी करत जा: मधला जोड उघडा, तिथे मोजा, बिघाड अलीकडे की पलीकडे ते पाहा, पुन्हा अर्धी करा.

रेझिस्टर वायरच्या दूरच्या टोकाला, सेन्सरच्या खोक्यात हवा. तो पॅनेलमध्येच बसवून मोकळं व्हायची रीत सर्रास दिसते, कारण शिडी पुन्हा लावावी लागत नाही. पण मग वायरीच्या दोन तारा वाटेत एकमेकींना चिकटल्या किंवा कुणी मुद्दाम चिकटवल्या, तर पॅनेलला दार कायम बंदच दिसतं. कुणाकडून बसवून घेतलं असेल तर हे एकदा उघडून पाहा.

भोंगा वाजतच नाही, ही उलट तक्रार. आधी हूटरच्या टोकाशी व्होल्टेज मोजा, आणि ते वाजवताना मोजा, रिकाम्या वेळी नाही. मग लाइट बंद करून फक्त बॅटरीवर वाजवून पाहा. मेलेली बॅटरी बिनभाराची १२ व्होल्ट दाखवते आणि हूटर लागताच नऊवर बसते. बाहेरच्या हूटरच्या कर्ण्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, ते पावसाळ्यानंतर खरवडून काढा. आणि भोंगा तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं लावून ठेवा. घरी कुणी नसताना तो सकाळपर्यंत वाजत राहिला, तर पुढच्या वेळी शेजारी तो बंद पाडायलाच येतील.

हे सगळं सोडून कुणी सुचवेल की दाराला, तारेला करंट सोडून द्या, चोर धडा शिकेल. घरातला २३० व्होल्टचा करंट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात चोराऐवजी शेजारचं पोर, पाणी धरायला गेलेला गडी किंवा आपलीच जनावरं जातात. रानडुकरांसाठी जे झटका मशीन मिळतं त्यात क्षणभराचे, मोजके झटके असतात. ते वेगळं यंत्र आहे, आणि तेही शेताच्या कुंपणाला, घराच्या दाराला नाही.

घराबाहेर असताना फोन वाजला आणि घरी पोचल्यावर कोयंडा उचकटलेला दिसला, तर एकट्याने आत जाऊ नका. ११२ लावा, शेजाऱ्यांना बोलवा, बाहेर थांबा. पोलीस येईपर्यंत कपाट, कुलूप, पसरलेले कपडे यांना हात लावू नका. बोटांचे ठसे आणि श्वानपथकासाठी तेच लागतं. पॅनेलच्या मेमरीतली वेळ टिपून घ्या, ती तपासाला कामाची असते. १ जुलै २०२४ पासून रात्रीच्या घरफोडीला जुन्या ४५७ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३३१ आणि घरातल्या चोरीला ३८० ऐवजी कलम ३०५ लागतं. एफआयआर नोंदवल्यावर तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. विम्याचा दावा करायचा असेल तर पहिला कागद तोच लागतो, तेव्हा ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.